बालविभागाच्या भिंतीवर विनोदी राक्षस रंगवावेत का?

रावपुरा_रहिवासी

नमस्कार मंडळी,

बडोद्यातील आमच्या मराठी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बालविभाग आहे. गच्चीची गळती बंद करून घेतल्यावर तिथली लांब भिंत नव्या गिलाव्याने तयार झाली असून तिच्यावर काय रंगवावे, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. आमच्याच भागात वाढलेल्या आणि फाइन आर्ट्समधून, म्हणजे इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या कला विभागातून, चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या एका चित्रकर्तीने हे काम करण्याची तयारी दाखवली आहे. अडचण एवढीच, की ती राक्षसांखेरीज दुसरे काही रंगवत नाही.

हे राक्षस भयंकर मुळीच नाहीत. तिने दाखवायला आणलेल्या चित्रांपैकी एकात दहा तोंडांचे एक गृहस्थ चष्म्याच्या दुकानात बसले आहेत. नऊ तोंडे समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचण्यात गुंतली आहेत, दहाव्याला डुलकी लागली आहे, आणि दुकानातला पोरगा चष्म्यांच्या चौकटींची चळत हातात घेऊन कुठून सुरुवात करावी या विवंचनेत उभा आहे. दुसऱ्या चित्रात एक राक्षसीण ओट्यावर बसून मुलीची वेणी घालते आहे. मुलीच्या शिंगात फणी अडकली आहे, मुलीने डोळे गच्च मिटून ओट्याची कड धरली आहे, आणि फणीचे तुटलेले दोन दात खाली फरशीवर पडले आहेत. ते दोन दात पाहिल्यावर माझे मत तिच्या बाजूने झाले, हे आधीच सांगून टाकते.

परंतु कार्यकारिणीतील दोन ज्येष्ठ सभासदांना वाचनालयात राक्षस नकोत. रामायणातील प्रसंग, शिवराय किंवा सयाजीराव महाराजांचे चरित्र रंगवावे, असा त्यांचा आग्रह आहे. एका पालक सभासदाला अशी भीती वाटते, की लहान मुले जिनाच चढणार नाहीत. मुलांच्या जागी अशी चित्रे पाहिलेल्यांनी किंवा केलेल्यांनी अनुभव सांगावेत, आणि होकार देण्यापूर्वी चित्रकर्तीला काय विचारावे हेही सुचवावे.

एकओळी

चित्रे पक्की करण्यापूर्वी कार्यकारिणीचा सामूहिक फोटो शेजारी धरून पाहा. साम्य आढळल्यास मंडळात फूट पडेल.

सरळरेषा

माझे मत विरोधी आहे आणि ते मी कारणांसह मांडतो. ज्या गावात लक्ष्मी विलास राजवाड्यातील राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांचे गंगावतरण आणि महाभारत आहे, त्या गावातल्या मुलांना आपण चष्म्याच्या दुकानातला राक्षस दाखवणार आहोत. विचित्र प्राणी मुलांना मोबाइलवर दिवसभर दिसतातच. वाचनालयाने तरी त्यांच्या नजरेला काही सुंदर पाहण्याची सवय लावावी.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भिंतीवरचे चित्र वर्षानुवर्षे तेच राहते. विनोद पहिल्यांदा हसवतो, दुसऱ्यांदा स्मित आणतो आणि पुढे पुढे नकोसा होतो. दर शनिवारी येणाऱ्या मुलाला दहावे तोंड झोपलेले आहे हे एकदा कळल्यावर त्या चित्रात उरते काय? चित्रकर्तीच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही; विनोद भिंतीवर टिकतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

विश्वामित्रीकाठ

सरळरेषा, आपल्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे नाही, ते इतरांनी द्यावे. पहिल्या मुद्द्यावर मात्र मला बोललेच पाहिजे, कारण नंदलालबाबूंचे नाव आपण ज्या बाजूने घेतले आहे त्याच्या विरुद्ध बाजूनेही ते घेता येते.

नंदलाल बोस यांचे शांतिनिकेतनातले शिष्य, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन 1951 साली बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आले आणि 2016 मध्ये बडोद्यातच वारले. भित्तिचित्रांचे एवढे मोठे जाणकार असूनही त्यांनी फाइन आर्ट्सच्या जत्रेसाठी लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी केली, मुलांसाठी चित्रपुस्तके केली, आणि काचेवर व ॲक्रिलिकच्या पत्र्यावर मागच्या बाजूने रंगवण्याच्या जुन्या बाजारू पद्धतीत देवी, असुर, मांजरे, माकडे आणि घरातली बाईमाणसे एकाच दाटीत बसवली. त्या दाटीत महिषासुर कधी कधी इतका केविलवाणा दिसतो, की देवीने त्याला समज देऊन सोडावे असे वाटते. आमच्या वर्गात ही चित्रे हलकी मानण्याची कोणाची छाती नव्हती.

शांतिनिकेतनाच्या बाबतीत तर साक्षात रवींद्रनाथांचेच उदाहरण आहे. कवितेच्या वहीत खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडता जोडता त्यांतून चोची, जबडे आणि नाव नसलेली जनावरे तयार होऊ लागली, आणि पुढे त्या खोडातोडीतूनच ते चित्रकलेकडे वळले. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन 1930 साली पॅरिसमध्ये भरले. त्यांच्या प्राण्यांना सुंदर म्हणता येईल असे मला वाटत नाही. पण त्यांच्यासमोरून लवकर हलता येत नाही.

आजीचा_बटवा

सरळरेषा भाऊ, आम्ही लहान असताना आमच्या वाड्यात किती भुते राहत होती याची आपल्याला कल्पना नाही. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीकडे, चकवा वेशीबाहेर आणि बागुलबुवा माळ्यावर, असा प्रत्येकाचा पत्ता ठरलेला होता. त्यांपैकी हडळीचे पाऊल उलटे असते, एवढे वर्णन तरी मिळत असे. बागुलबुवाचे मात्र कोणी काहीच सांगत नसे, आणि म्हणून त्याचीच भीती सर्वांत जास्त वाटायची.

माझ्या नातवाला माळ्याची भीती वाटू लागली तेव्हा मी त्याला पाटी दिली आणि वर कोण बसले आहे ते काढून दाखव म्हटले. त्याने मोठे पोट काढले, तीन डोळे काढले, मग विचार करून पायांत स्लिपर काढल्या. एक स्लिपर हरवली आहे म्हणाला. आता हरवलेली स्लिपर शोधायला तो स्वतःच माळ्यावर चढतो आणि मला खाली उभे राहून आरडाओरडा करावा लागतो.

शिमग्याचा_संकासुर

मूळचा कोकणातला, सध्या मकरपुऱ्याला नोकरीनिमित्त.

राक्षस आणि हसू यांचे नाते आपल्याकडे नवीन नाही, म्हणून लिहितो. शिमग्यात आमच्याकडे संकासुर येतो. अंगात काळा पायघोळ वेश, डोक्यावर काळी उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू आणि हातात कापडाचा पिळा. तो मुलांच्या मागे धावतो, मुले किंचाळत पळतात, आणि तो दमून थांबला की मुले परत त्याच्या जवळ येऊन त्याला डिवचतात. जवळ गेल्याशिवाय गंमत नाही आणि लांब पळाल्याशिवायही नाही, हे तिथल्या चार वर्षांच्या पोरालाही कळते.

दशावतारातला संकासुर तर वेद चोरणारा असुर. विष्णूच्या हातून त्याचा वध होणार, हे प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असते. तरीही मधल्या वेळात तो मालवणीत अशी काही उत्तरे देतो, की वध लांबला तर बरे, असे लोकांना वाटते. या खेळात वर्षानुवर्षे तीच सोंगे, तोच प्रसंग आणि तोच शेवट असतो. विनोद जुना होतो या सरळरेषांच्या मुद्द्याला माझ्या परीने हे उत्तर आहे. प्रसंग तोच राहिला तरी त्या पात्राला भेटायला लोक पुन्हा येतात.

सरळरेषा

दशावतारात नट बदलतो, उत्तरे बदलतात, पावसाचा उल्लेख येतो, गावच्या सरपंचाला टोमणा बसतो. भिंत यांपैकी काहीच करू शकत नाही. त्यामुळे उदाहरण रंजक असले तरी माझा प्रश्न अजून तिथेच आहे.

एकओळी

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपालही बदलत नाहीत आणि उत्तरेही बदलत नाहीत, तरी आम्ही दर आठवड्याला जातो.

खडूफळा

मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे. सरळरेषा यांच्या प्रश्नाला अभ्यासाच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, थोडे लांबेल.

हिएरोनिमस बॉश हा डच चित्रकार 1516 साली वारला. त्याची नरकाची दृश्ये लोकांना धाक घालण्यासाठी आहेत असे आपण मानतो. परंतु लिस्बनमध्ये असलेल्या संत अँथनीच्या चित्रात डावीकडे खाली बर्फावर घसरपट्टीचे जोडे घालून एक पक्षी येतो आहे. त्याच्या डोक्यावर उलटे नरसाळे आहे आणि चोचीत एक चिठ्ठी अडकवली आहे. ती चिठ्ठी कोणाची आणि तो कुठे निघाला आहे, हे पाचशे वर्षे झाली तरी लोक विचारतात. हा विनोद जुना झालेला नाही, कारण त्या पक्ष्याला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नाही. तो कामावर निघालेला आहे.

विनोदी राक्षस बिघडतो तो इथेच. चित्रकार त्याला आपल्याकडे बघून हसायला लावतो, डोळा मारायला लावतो, जीभ बाहेर काढायला लावतो, आणि मग तो राक्षस न राहता मिठाईच्या दुकानाबाहेरचा फलक होतो. असा विनोद खरोखरच तिसऱ्या दिवशी नकोसा होतो. तेवढ्यापुरते सरळरेषा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. वेणीच्या चित्रातली मुलगी मात्र आपल्याकडे पाहतच नाही. तिला फणीचा त्रास होतो आहे आणि तो खरा आहे. पाहणाऱ्या मुलीलाही सकाळी तोच त्रास झालेला असतो.

आता हाताच्या गोष्टी. बुबुळ वरच्या पापणीखाली अर्धे झाकले की चेहरा पेंगुळलेला दिसतो. तेच बुबुळ लहान करून भोवती सगळीकडे पांढरे ठेवले की चेहरा एकदम धास्तावलेला किंवा धास्तावणारा होतो. सुळे वरच्या जबड्यातून खाली आले की धार जाणवते. खालच्या जबड्यातून वर आले की तोच प्राणी भाबडा वाटतो. अवाढव्य हातांनी बारीक काम करताना दाखवला, म्हणजे सुईत दोरा ओवताना किंवा लसूण सोलताना, की त्याच्या आकाराचे भय कमी होते आणि आकार मात्र तेवढाच राहतो. पायाखाली सावली नसेल तर राक्षसाला वजन येत नाही, आणि वजन नसलेल्या राक्षसाचे कोणालाच काही वाटत नाही.

दहा तोंडांबद्दल एक बारीक निरीक्षण नोंदवतो. मधले तोंड धडावर ठेवले की नऊ उरतात. मग एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला पाच येतात आणि सगळे चित्र एकीकडे कलते. रावण काढणाऱ्या प्रत्येकाला हा हिशोब कुठेतरी चुकता करावा लागतो. आपल्या चित्रकर्तीने झोपलेले तोंड कोणत्या बाजूला घेतले आहे ते कृपया पाहून सांगावे.

रावपुरा_रहिवासी

खडूफळा सर, मुद्दाम जाऊन पाहिले. झोपलेले तोंड पाचच्या बाजूला, अगदी टोकाला आहे आणि ते शेजारच्या तोंडाच्या खांद्यावर, म्हणजे खांदा नसल्यामुळे कानावर, टेकले आहे. चारच्या बाजूला तिने दुकानातला पोरगा उभा केला आहे.

खडूफळा

तर मग तिला तोल साधायला शिकवण्याची आपल्याला गरज नाही.

ओसाकावासी

बडोद्याचा, पण सध्या जपानमध्ये आहे. गमतीदार राक्षसांना पूर्ण नागरिकत्व मिळालेला देश पाहायचा असेल तर तो हाच.

इथल्या जुन्या समजुतीनुसार घरातली वस्तू शंभर वर्षे वापरात राहिली की तिच्यात जीव येतो. जुन्या चित्रांत आणि गोष्टींत एका डोळ्याची आणि एका पायावर उड्या मारणारी छत्री आहे, जीभ लोंबणारा कंदील आहे, पाय फुटलेली भांडी आहेत. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने 1776 साली अशा प्राण्यांचा सचित्र ग्रंथ काढला. प्रत्येक पानावर एक प्राणी, जणू वनस्पतींची सूचीच. अलीकडच्या काळात चित्रकथाकार शिगेरू मिझुकी यांनी हे सगळे पुन्हा घराघरांत आणले. त्यांचा डावा हात दुसऱ्या महायुद्धात गेला; त्यानंतरचे आयुष्यभराचे काम त्यांनी उजव्या हाताने केले आणि 2015 मध्ये ते वारले. साकाइमिनातो हे त्यांचे गाव. तिथल्या रस्त्याच्या कडेने त्यांच्या राक्षसांचे शंभराहून अधिक कांस्य पुतळे बसवले आहेत आणि मुले त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवत शाळेतून घरी जाताना मी स्वतः पाहिली आहेत.

मिझुकींची एक पद्धत आपल्या भिंतीच्या कामी येईल. ते मागचा देखावा, म्हणजे झाडे, गवत, घरांची कौले, अतिशय बारकाईने काढतात आणि त्यात वावरणारी पात्रे मात्र साध्या, गोल रेषेत ठेवतात. मांडवीचा दरवाजा, न्यायमंदिराच्या कमानी, सुरसागराचा कठडा, खंडेराव मार्केटमधली भाजीची रास हे सगळे ओळखू येईल असे काटेकोर रंगवले आणि राक्षस सैल हाताने ठेवला, तर मुलाला चित्रात शिरायला रस्ता आपोआप सापडतो. भिंत स्थिर असली तरी त्या ठिकाणांवरून मूल रोज जाते. त्यामुळे चित्रात दर आठवड्याला काहीतरी नवे ओळखीचे निघते.

विश्वामित्रीकाठ

ठिकाणांचा विषय निघाला म्हणून सांगतो: बडोद्याच्या मुलाला राक्षस शोधायला पुराणात जावे लागत नाही. आमची विश्वामित्री मगरींनी भरलेली आहे. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. आमच्या सोसायटीत पाणी ओसरेपर्यंत मुले खिडकीला चिकटून होती. तेव्हापासून माझा भाचा मगर काढतो, आणि ती नेहमी रेनकोट घालून दुधाच्या पिशव्या घेऊन आलेली असते. चित्रकर्तीने मगरीला भिंतीवर जागा द्यावी अशी माझी सूचना आहे.

एकओळी

मगरीला सभासदत्वाचा अर्ज द्यावा. पत्त्याचा पुरावा तिच्याकडे आपल्या सगळ्यांपेक्षा जुना आहे.

बालवाडीताई

मी अनेक वर्षे तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर काम करते, म्हणून पालक सभासदाच्या शंकेला उत्तर देते. त्यांची शंका हसण्यावारी नेऊ नये. या वयात चित्रातले आणि खरे यांची सीमा पक्की झालेली नसते. दिवसा ज्याच्याशी मूल खेळले, तोच प्राणी रात्री त्याच्या पलंगाखाली येऊ शकतो.

माझ्या अनुभवातून काही पथ्ये सांगते. जिन्याच्या वळणावर, दाराच्या मागे किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर राक्षस नसावा. अचानक समोर येणारे काहीही मुलाला दचकवते. उघडा जबडा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर नसावा. सरळ समोर पाहणारे डोळे टाळावेत, कारण असे चित्र खोलीत कुठेही गेले तरी आपल्याकडेच पाहत असल्यासारखे वाटते. सगळ्या राक्षसांनी आपापल्या कामाकडे पाहावे. चित्रात उजेड दिवसाचा असावा. आणि एक अगदी छोटा राक्षस जमिनीलगत, फक्त रांगणाऱ्याला किंवा बसलेल्या मुलाला दिसेल असा असावा. मोठ्यांना न दिसलेली गोष्ट आपल्याला दिसली, याचा मुलांना फार अभिमान वाटतो.

आमच्या वर्गात मी एकदा एक केसाळ, निळा प्राणी काढून लावला होता. भीती वाटते का, असे मी विचारले तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने एका मुलीने विचारले, “हा आंघोळ केल्यावर किती वेळ ओला राहतो?” त्यानंतर तास संपेपर्यंत प्रश्नच प्रश्न.

मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराचे राक्षसांचे प्रसिद्ध चित्रपुस्तक 1963 साली आले, तेव्हाही मुले घाबरतील अशी काळजी मोठ्यांनीच केली होती. पुढच्याच वर्षी त्याला तिथला मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. त्याला मुळात घोडे काढायचे होते. पण घोडे जमेनात म्हणून त्याने राक्षस काढले, आणि त्यांचे चेहरे रविवारी घरी येऊन गालगुच्चे घेणाऱ्या नातेवाइकांवरून घेतले, असे तो सांगत असे.

एकओळी

म्हणजे माझा कार्यकारिणीच्या फोटोचा सल्ला शास्त्रशुद्ध होता.

इंदुरी_पोहे

आमच्या इंदुरात जन्मलेले ना. श्री. बेंद्रे बडोद्याच्या फाइन आर्ट्सच्या सुरुवातीच्या काळात तिथे चित्रकला शिकवायला गेले होते, त्यामुळे या धाग्यावर बोलण्याचा थोडा हक्क इंदूरकरांनाही आहे, असे मी समजतो.

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. गच्चीची गळती नुकतीच बंद केली आहे, असे आपण लिहिले आहे. नवा गिलावा पूर्ण वाळण्याआधी त्यावर रंग दिल्यास आतले क्षार बाहेर येऊन पांढरे डाग पडतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. राक्षसाच्या गालावर पोपडा आला तर त्याला देवी आल्यासारखी दिसेल. घाई कशासाठी?

विश्वामित्रीकाठ

इंदुरी_पोहे यांच्याशी सहमत. एक पावसाळा जाऊ द्यावा, हे उत्तम. तेवढे थांबणे शक्य नसेल तर भिंतीवर थेट न रंगवता पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या फलकांवर ॲक्रिलिकने रंगवून घ्यावे. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना अस्तराचा हात द्यावा, आणि फलक भिंतीपासून बोटभर पुढे पट्ट्यांवर बसवावेत, म्हणजे मागे हवा खेळते. दांडिया बाजारच्या बाजूला तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे पाहिलीत तर ओल काय करते ते वेगळे सांगावे लागणार नाही.

पोथीवाचक

आतापर्यंत कीर्तिमुखाचा उल्लेख कोणी कसा केला नाही, याचे आश्चर्य वाटते. जालंधर दैत्याचा निरोप घेऊन राहू शिवाकडे आला, तेव्हा शिवाच्या क्रोधातून त्याला खाण्यासाठी एक भुकेला गण निर्माण झाला. राहूने शरणागती पत्करल्यावर शिवाने त्याला सोडून दिले. मग मी आता काय खाऊ, असे त्या गणाने विचारले. स्वतःलाच खा, असे उत्तर मिळताच त्याने पायापासून सुरुवात केली आणि केवळ मुख उरेपर्यंत तो थांबला नाही. प्रसन्न होऊन शिवाने त्याला आपल्या दारावर जागा दिली. वटारलेले डोळे आणि फुगलेले गाल असलेले ते मुख आपण देवळाच्या उंबरठ्यावर ओलांडतो आणि शिखराकडे मान वर करून पाहतो.

म्हणून सरळरेषा यांना माझी नम्र विचारणा आहे, की देवळाच्या दारात जो चालतो तो वाचनालयात का चालू नये? बालविभागाच्या चौकटीवर एक कीर्तिमुख असावे आणि त्याच्या तोंडात उशिरा परत आलेले पुस्तक असावे, असे मला वाटते.

सरळरेषा

कीर्तिमुखाला दारावर जागा मिळाली ती ठरवून मिळाली. ते गाभाऱ्यात बसलेले नाही. मला हेच म्हणायचे आहे. बालविभागात सयाजीराव महाराजांची तसबीर सर्वांत मोठी आणि प्रवेश करताच समोर दिसावी. ज्यांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणले, गावोगावी ग्रंथालये काढली, त्यांच्यामुळे हे वाचनालय आहे. त्यानंतर एका भिंतीवर राक्षस असायला माझी हरकत राहणार नाही. खडूफळा यांचे पक्ष्याचे उदाहरण मी पाहिले. ती चिठ्ठी कोणाची असावी, यावर माझा बराच वेळ गेला.

आजीचा_बटवा

सरळरेषा भाऊ, महाराजांच्या तसबिरीकडे मान वर करून पाहणारा एखादा छोटा राक्षस चालेल का?

सरळरेषा

टोपी काढून पाहत असेल तर चालेल.

रावपुरा_रहिवासी

सर्वांचे आभार. कार्यकारिणीची बैठक झाली आणि चित्रकर्तीलाही बोलावले होते. इथल्या सूचनांची छापील प्रत मी सोबत नेली होती.

फलकांची कल्पना सर्वांना पटली. ज्येष्ठ सभासदांना तर फारच, कारण फलक उतरवता येतात. बालवाडीताईंची पथ्ये चित्रकर्तीने शांतपणे वाचली आणि समोर पाहणारे डोळे आपण एरवीही काढत नाही, असे सांगितले. मांडवी, न्यायमंदिर आणि खंडेराव मार्केट घेण्याचे ठरले आहे. मगर कमाटीबागेच्या बाकावर बसलेली असेल.

खडाजंगी झाली ती एकाच गोष्टीवर. एका सभासदाने अशी अट घातली, की सगळे राक्षस हसरे असावेत, म्हणजे पालकांची तक्रार येणार नाही. तिने ही अट मान्य केली नाही. आपली कामाची पद्धत तिने सांगितली. ती आधी राक्षस काढत नाही. भाजी निवडणारी बाई, पंक्चर काढणारा मुलगा, बसथांब्यावर पेंगणारे आजोबा यांची चित्रे रस्त्यावर बसून वहीत काढते, आणि त्यातले अंग, बसण्याची ढब, मानेचा बाक बरोबर उतरला असेल तरच त्याला शिंगे आणि सुळे देते. “ढब खोटी असेल तर शिंगांनी ती विनोदी होत नाही, आणि ढब खरी असेल तर हसू काढण्याची गरज पडत नाही,” असे ती म्हणाली. शेवटी मतदान घेतले. हसरेपणाची अट दोन मतांनी पडली. ज्या ज्येष्ठ सभासदांनी सुरुवातीला विरोध केला होता, त्यांपैकी एकाने तिच्या बाजूने मत दिले. वहीतल्या बसथांब्यावरच्या आजोबांना ते ओळखत होते.

आता मोबदल्याचा आणि कराराचा प्रश्न आहे. एका सभासदाचे म्हणणे आहे, की वाचनालयाचे काम आहे तेव्हा तिने फक्त सामानाचा खर्च घ्यावा. आपले काय मत आहे?

विश्वामित्रीकाठ

सुताराने, रंगाऱ्याने आणि गच्चीची गळती काढणाऱ्याने फक्त सामानाचा खर्च घेतला होता का, हे त्या सभासदाला विचारावे. रक्कम कमी असली तरी चालेल, पण ती आधी ठरवावी, तिचा एक भाग सामान आणण्यापूर्वी द्यावा आणि कच्च्या आराखड्यात किती वेळा बदल सुचवता येईल हे लिहून घ्यावे. नाहीतर प्रत्येक सभासद आपल्या आवडीचे एकेक शिंग कमी करवून घेईल.

फलक उतरवता येतात म्हणून ज्यांना आनंद झाला आहे, त्यांच्यासाठीही एक कलम हवे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प 1979 मध्ये त्यांना न विचारता काढून टाकण्यात आले होते. त्याविरुद्ध त्यांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, भित्तिशिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला लावले आणि नुकसानभरपाईही दिली. कलाकृती विकत घेतली तरी तिची मोडतोड करण्याचा हक्क त्यासोबत मिळत नाही. त्यामुळे फलक हलवायचे झाल्यास चित्रकर्तीला आधी कळवावे आणि नको असल्यास ते तिला परत घेऊ द्यावेत, असे करारात स्पष्ट लिहावे. वाचनालयाच्या दिनदर्शिकेवर चित्रे छापायची असतील तर त्याची परवानगी आणि मोबदला वेगळा.

एकओळी

करारावर दहा तोंडांच्या गृहस्थांची सही घेणार असाल तर कागद लांब आणा.

रावपुरा_रहिवासी

कराराचा मसुदा विश्वामित्रीकाठ यांना निरोपातून पाठवते आहे. प्लाय किती जाडीचे घ्यावे आणि मोठ्या फलकाला मागून चौकट लागेल का, एवढे इंदुरी_पोहे किंवा अन्य जाणकारांनी कृपया सांगावे. सुतार उद्या सकाळी माप घ्यायला येतो आहे.